चाल, बळ आणि आसन : व्यायामाचा समतोल

वसईच्या वाड्यांतून राबलेल्या आपल्या मागील पिढ्यांना व्यायामासाठी वेगळा वेळ काढावा लागत नव्हता. केळीच्या बागेला पाणी देणे, पानवेलीची मशागत करणे, विहिरीचे पाणी शेंदणे, भाजीची पाटी डोक्यावर घेऊन स्टेशन गाठणे, होडी ओढून किनाऱ्याला लावणे या कामांतच चालणे, ओझे उचलणे आणि अंग वाकविणे हे तिन्ही होत असे. त्याच घरांतील नातवंडे आज सकाळची लोकल पकडतात आणि दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीवर बसून काढतात. शेतीचे काम सुटले, परंतु जेवणाचे ताट मात्र शेतकऱ्याचेच राहिले. आपल्या धर्मग्रामांतील मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचे मूळ बऱ्याच अंशी या विसंगतीत आहे.

हा प्रश्न केवळ वसईचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, तर प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यामुळे व्यायामाविषयी जागृती वाढली, ही आनंदाची गोष्ट होय. सकाळी रस्त्यांवर चालणारे दिसतात, तरुण जिममध्ये जातात, योगवर्गही भरतात. परंतु चालणारा म्हणतो, चालणे पुरेसे आहे. जिममधला म्हणतो, वजने उचलल्यावाचून तरणोपाय नाही. योगसाधक म्हणतो, आसनांत सर्व काही आले. यांपैकी कोणता व्यायाम श्रेष्ठ, असा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. आमच्या मते हा प्रश्नच सदोष आहे. तिन्हींची कामे निरनिराळी आहेत आणि एकाचे काम दुसरा पूर्णपणे करू शकत नाही.

देणगी, दैवत नव्हे

व्यायामाचा विचार करताना श्रद्धेची भूमिका प्रथम स्पष्ट असावी. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आपल्या शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात जीवन आणि आरोग्य या परमेश्वराने सोपविलेल्या मोलाच्या देणग्या मानल्या असून त्यांची वाजवी काळजी घेण्यास सांगितले आहे. मात्र त्याच ठिकाणी शरीराची पूजा मांडण्याविरुद्ध इशाराही दिलेला आहे. आरशासमोर तासन् तास घालविणे, सडपातळ दिसण्यासाठी उपाशी राहणे, झटपट पिळदार शरीरासाठी घातक औषधे टोचून घेणे हे देणगीचे जतन नव्हे. आणि देहाकडे दुर्लक्ष करणे म्हणजे अध्यात्म, ही समजूतही ख्रिस्ती नाही. २०२५ साली संतपदावर आरूढ झालेले पियर जॉर्जिओ फ्रासाती हे गिर्यारोहणावर मनापासून प्रेम करणारे तरुण होते आणि गोरगरिबांची सेवाही ते तितक्याच उत्साहाने करीत.

चाल : हृदयाचा व्यायाम

ज्याला आपण कार्डिओ म्हणतो, तो हृदय आणि फुफ्फुसे यांचा व्यायाम होय. झपझप चालणे, धावणे, पोहणे, सायकल चालविणे हे त्याचे प्रकार. त्याचे महत्त्व प्रथम ठळकपणे दिसले ते लंडनच्या बसगाड्यांत. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा, अथवा ७५ ते १५० मिनिटे अधिक श्रमाचा व्यायाम करावा. मध्यम श्रम ओळखण्याची खूण सोपी आहे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. गप्पा मारीत, मोबाइल पाहत रेंगाळणे या हिशेबात धरता येत नाही. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपाट्याने चालले, तरी किमान मर्यादा पूर्ण होते. स्टेशनपर्यंत रिक्षाऐवजी पायी जाणे हा त्याचा बिनखर्चाचा मार्ग आहे.

बळ : विसरलेला भाग

आमच्या समाजात सर्वाधिक दुर्लक्षित राहिला आहे तो स्नायूंच्या बळाचा व्यायाम, म्हणजेच स्ट्रेंथ ट्रेनिंग. तो केवळ तरुण मुलग्यांचा छंद आहे, अशी समजूत रूढ आहे. वास्तविक त्याची अधिक गरज चाळिशी ओलांडलेल्यांना, आणि त्यांतही महिलांना आहे. तिशीनंतर स्नायू दर दशकात सुमारे ३ ते ८ टक्क्यांनी झिजतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागणे, जिना चढताना कठडा धरावा लागणे, पडल्यावर मांडीचे हाड मोडणे या साऱ्यांत वयाइतकाच या झिजेचा वाटा असतो. शिवाय जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा सर्वांत मोठा हिस्सा स्नायूच शोषून घेतात. स्नायू कमी झाले की साखरेला ठाव उरत नाही.

भारतीयांना हा धोका विशेष आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच शरीराचे उदाहरण प्रसिद्ध केले होते. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजन दर्शविणारा अंक, २२.३ असा अगदी सारखा होता. परंतु डॉ. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती. वजनकाटा दोघांविषयी सारखेच बोलत होता. शरीराची घडण मात्र भिन्न होती. म्हणूनच 'मी तर बारीक आहे, मला व्यायामाची काय गरज?' हा युक्तिवाद आपल्याकडे टिकत नाही. भारतीयांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि महिलांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. घरातील साध्या टेपने ती तपासता येते.

बळाच्या व्यायामासाठी जिमचे शुल्क भरलेच पाहिजे असे नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या खांद्यापर्यंत उचलणे हे चार प्रकार घरच्या घरी करता येतात. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, अशा दोन फेऱ्या कराव्यात. सहज जमू लागले की वजन अथवा संख्या हळूहळू वाढवावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार असा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करावयाचा आहे. घरकामाचे कष्ट आम्ही जाणतो, परंतु तेच ओझे त्याच पद्धतीने वर्षानुवर्षे उचलल्याने बळ वाढत नाही. बळ वाढते ते भार क्रमाक्रमाने वाढविल्याने.

आसन : लवचीकता, तोल आणि श्वास

योगासनांमुळे सांधे मोकळे राहतात, शरीराचा तोल सुधारतो, जुनाट कंबरदुखीत काही अंशी आराम पडतो आणि श्वास संथ झाल्याने मनावरील ताण हलका होतो. याचा शास्त्रीय अभ्यास महाराष्ट्रातच रुजला. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यात स्थापन केलेल्या कैवल्यधाम संस्थेत आसने व प्राणायाम यांचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याची परंपरा सुरू झाली. मात्र आसनांची मर्यादाही ध्यानात घ्यावी. संथपणे केलेल्या आसनांत खर्च होणारी ऊर्जा झपाट्याच्या चालीपेक्षा कमी असते. त्यामुळे केवळ आसनांनी वजन भराभर उतरेल, ही अपेक्षा बाळगू नये.

येथे अनेक भाविकांच्या मनातील शंकेला उत्तर देणे आवश्यक आहे. कॅथलिकांनी योग करावा काय? या विषयावर १५ ऑक्टोबर १९८९ रोजी विश्वासविषयक परिषदेने ख्रिस्ती ध्यानाविषयी एक पत्र प्रसिद्ध केले होते. त्यावर कार्डिनल जोसेफ रॅटझिंगर, म्हणजे पुढे पोप झालेले सोळावे बेनेडिक्ट, यांची स्वाक्षरी होती. त्या पत्राने पौर्वात्य पद्धतींना सरसकट नाकारले नाही. त्यांतील उपयुक्त ते विवेकाने घेता येईल, असे मानले. परंतु एक महत्त्वाचा इशाराही दिला. काही शारीरिक क्रियांमुळे शांत, प्रसन्न वाटते. त्या सुखद जाणिवेलाच पवित्र आत्म्याचे सांत्वन समजणे ही चूक होय.

या भेदाच्या आधारे आम्हांला असे वाटते की, अंग ताणणे, तोल सांभाळणे, खोल श्वास घेणे हा व्यायाम म्हणून कोणीही करावा. वर्गात मंत्रोच्चार अथवा उपासना असेल, तर तो आपल्या शेजारी बांधवांच्या धर्माचा भाग आहे. त्याचा आदर राखून आपण त्यातून नम्रपणे बाजूला राहावे. ज्यांचे मन तरीही स्वस्थ होत नाही, त्यांनी साधे अंग ताणण्याचे प्रकार करावेत. सांध्यांना तेही मानवते. आसनाला प्रार्थनेची जागा मात्र देऊ नये. इग्नेशियन साधनेच्या आरंभीच्या सूचनेत संत इग्नेशियस यांनी चालणे व धावणे यांसारख्या शारीरिक कसरतींशी आत्मिक साधनेची तुलना केली आहे. दोन्हींना नियमितपणा लागतो, परंतु दोन्ही एक नव्हेत.

वजनाचा खरा हिशेब

अर्धा तास झपाट्याने चालल्यास साधारण ७० किलो वजनाच्या व्यक्तीची सुमारे १५० किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. परतताना एक वडापाव खाल्ला, तर खर्चापेक्षा जमा अधिक होते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. तेव्हा वजन उतरविण्याचे मोठे काम ताटातच होते. भाताचा डोंगर निम्मा करावा, डाळ, मासे, अंडी व भाज्या वाढवाव्यात, गोड चहाचे कप मोजावेत आणि लग्नसराईत व सणांत मद्याला आवर घालावा.

पण केवळ जेवण तोडून वजन उतरविले, तर घटलेल्या वजनातील साधारण पाव हिस्सा चरबीऐवजी स्नायू आदींचा असू शकतो. बळाचा व्यायाम ही हानी रोखतो. चालण्याने उतरलेले वजन टिकण्यास मदत होते, आणि आसनांमुळे अंग दुखून व्यायाम मध्येच सोडण्याची वेळ कमी येते. तिघांचे सहकार्य आहे ते असे. उद्दिष्टही माफक असावे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सात टक्के वजन घटविणे व आठवड्यात १५० मिनिटे व्यायाम करणे हे लक्ष्य ठेवले होते. तेवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ८० किलोच्या व्यक्तीसाठी हे सात टक्के म्हणजे साडेपाच किलो.

उपवासकाळातील उपवासाची आणि डाएटची गल्लतही करू नये. वजन उतरणे हे उपवासाचे प्रयोजन नव्हे. त्याचे प्रयोजन पश्चात्ताप, प्रार्थना आणि वाचलेला घास भुकेल्यास देणे हे आहे.

आठवड्याचा आराखडा

सोमवार, बुधवार, शुक्रवार व शनिवार या चार दिवशी ४० मिनिटे झपाट्याने चालावे. मंगळवारी व गुरुवारी अर्धा तास बळाचा व्यायाम करावा. रोज शेवटी दहा मिनिटे आसने अथवा अंग ताणणे आणि संथ श्वसन करावे. रविवार हा प्रभूचा दिवस. त्या दिवशी विश्रांती घ्यावी. शक्य त्यांनी मिस्सेला सहकुटुंब पायी जावे. वयाची ६५ वर्षे ओलांडलेल्यांनी बळाचे आणि तोलाचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत. प्रारंभ दहा मिनिटांपासून केला तरी चालेल; काहीच न करण्यापेक्षा थोडे करणे निश्चित हिताचे आहे.

हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह, सांध्यांचे विकार असलेल्यांनी आणि गरोदर महिलांनी प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इन्सुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकाएकी घसरू शकते. त्यांनी साखरेचा खडा जवळ बाळगावा. वजन उचलताना श्वास रोखून धरू नये. काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली करण्याची आसने टाळावीत. छातीत दुखू लागल्यास, दम अनपेक्षितपणे लागल्यास अथवा घेरी आल्यास तत्काळ थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

एकट्याने सुरू केलेला व्यायाम लवकर सुटतो, ही सार्वत्रिक अडचण आहे. आमच्या धर्मग्रामांकडे सभागृहे आहेत, चर्चचे प्रांगण आहे, महिला मंडळे व युवक मंडळे आहेत, परिचारिका व डॉक्टरही आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी ज्येष्ठांसाठी खुर्चीवरचे व्यायाम आणि महिलांसाठी बळाचे व्यायाम घेतले, तर त्याला फारसा खर्च येणार नाही. जी आजी हात न टेकता उठू शकते, ती गुडघे टेकून प्रार्थनाही करू शकते आणि आजारी शेजारणीला भेटायलाही जाऊ शकते. संत पौलाने तिमथ्याला लिहिताना शारीरिक कसरतीचे मोल मर्यादित आणि भक्तीचे मोल सर्वव्यापी मानले. त्या मर्यादेत राहूनच, परंतु तेवढे मोल नाकारल्याविना, आपल्या धर्मग्रामांनी हे काम हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे.