हलकं, पण पोकळ नव्हे!

आमच्या घरात ‘हलकं’ या शब्दाला फार मान आहे. ताप आला, हलकं खा. प्रवासाहून आलात, हलकंच काहीतरी करते. परीक्षेच्या आदल्या रात्री हलकं, लग्नाच्या पंगतीनंतर दोन दिवस हलकं. आणि हलकं म्हणजे नेमकं काय, हे कोणी कोणाला विचारत नाही. मुगाची खिचडी, भाताची पेज, वरणावरचं पाणी, फार तर ताकातल्या कण्या. माझ्या आईने हेच केलं, सासूबाईंनी हेच केलं आणि मीही हेच करत आले. या शब्दाचा अर्थ मला एका चीजबर्गरने शिकवावा, हे मात्र कधी स्वप्नातही आलं नसतं.

गेल्या पावसाळ्यात सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. वय एकोणऐंशी. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट पार पडली, आठवड्याभरात त्या घरी आल्या आणि मी पदर खोचून सुनेच्या कर्तव्याला लागले. सकाळी पेज, दुपारी मऊ भात नि वरणाचं पाणी, रात्री खिचडी. आई निमूटपणे चार घास खात आणि ताट सरकवत. टाके भरले, हाडही जुळू लागलं. पण पायांत बळ म्हणून येईना. वॉकर धरून सात-आठ पावलं टाकली की धाप लागे. दोन महिन्यांत वजन ५१ किलोवरून ४५ वर आलं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “यांना दिवसभरात खायला काय देता?” मी मोठ्या अभिमानाने यादी सांगितली. ते शांतपणे म्हणाले, “पोट भरतंय हो, पण स्नायू कशावर उभे राहणार? यात प्रथिनं कुठे आहेत?”

घरी येऊन मी वही काढली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. उतारवयात आणि दुखण्यातून उठताना ती याहून जास्त, किलोमागे साधारण एक ते सव्वा ग्रॅम लागतात, असं तज्ज्ञ सांगतात. म्हणजे आईंना रोज पन्नासेक ग्रॅम हवीत. मी देत होते त्याची बेरीज पंचवीसपर्यंतही जात नव्हती. दोन महिने मी त्यांना मायेने, वेळच्या वेळी, गरम गरम, उपाशी ठेवत होते!

मग सुरू झाली माझी धावपळ. उकडलेलं अंडं, पनीर, सोयाबीन, जाड वरण. आई दोन दिवस खात आणि तिसऱ्या दिवशी तोंड फिरवत. “अगं, किती कोंबशील? वास येतो त्या अंड्याचा.” कवळीमुळे मटणाचा तुकडा चावता येत नाही, आणि भुकेचं म्हणाल तर ती रुसूनच बसलेली.

अशाच एका रविवारी आमच्या चिरंजीवांनी मोबाइलवरून चीजबर्गर मागवला. वय वर्षं सोळा, फुटबॉल खेळतो, त्यामुळे भूक राक्षसाची. मी नेहमीप्रमाणे कपाळाला आठ्या घातल्या. तेवढ्यात आतून आवाज आला, “काय रे मागवलंस? दाखव बघू.” तो खोका घेऊन आजीच्या पलंगावर बसला आणि त्याने एक घास तिला भरवला. आई सावकाश चघळत म्हणाल्या, “पाव मऊ आहे रे. पण तेल केवढं!” आणि थोडं थांबून, “अजून एक घास दे.”

दोन महिन्यांत आईंनी स्वतःहून मागितलेला तो पहिला घास. मी त्या खोक्यातला कागद उचलून पाहिला. तेलाने तो इतका पारदर्शक झाला होता की पलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं असतं. पण मनात एक विचार चमकून गेला. मऊ पाव, मऊ खिमा, चीज. आईंना हवं ते सगळं यात आहे. नको ते तेवढं काढून टाकता येईल का?

बर्गर मूळ अमेरिकेतला. नाव मात्र जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आलेलं. तिकडे तो गोमांसाच्या खिम्याचा करतात आणि वर चीज वितळवलं की झाला चीजबर्गर. १९९६ साली मॅक्डोनल्ड्सने दिल्ली आणि मुंबईत दुकानं उघडली तेव्हा इथल्या चालीरीती पाहून गोमांस वगळलं. पण पाव आणि खिमा या जोडीचं आपल्याला कुठे अप्रूप आहे? पाव हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला आणि इराण्याच्या हॉटेलातला खिमा-पाव तर पिढ्यान्‌ पिढ्या खाल्लेला आहे. बर्गरच्या नावाने नाक मुरडणारे आपण मैद्याच्या पावात तळलेला बटाटा घालून दिवसाला दोन-दोन वडापाव फस्त करतो, तेव्हा ‘जंक फूड’ हा शब्द कोणाला आठवत नाही. असो.

बर्गर जड होतो तो कशाने? मी पुन्हा वही काढली. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममधून ९ उष्मांक मिळतात, तर प्रथिनांच्या किंवा पिष्टमय पदार्थाच्या ग्रॅममधून ४. दोन मोठे चमचे मेयोनेज म्हणजे जवळजवळ दोनशे उष्मांक आणि प्रथिनं नावापुरतीसुद्धा नाहीत. तळलेली टिक्की तेल पिते ते वेगळं. पावाला आतून लोणी, वर चीजच्या दोन-दोन चकत्या. म्हणजे गंमत पाहा, बर्गरचा जडपणा बहुतेक त्याच्या सजावटीत असतो आणि सत्त्व मधल्या खिम्यात. आपण मात्र पथ्याच्या नावाखाली नेमका तो मधलाच भाग टाळत असतो.

पुढच्या रविवारी मी कामाला लागले. कोंबडीच्या छातीचं मांस सगळ्यांत कमी चरबीचं, १०० ग्रॅममध्ये २२-२३ ग्रॅम प्रथिनं. त्याचा खिमा आणला, मीठ-मसाला घातला, कणकेसारखा छान मळला, थेंबभर तेलावर भाजला. चिरंजीवांनी एक घास घेतला आणि म्हणाले, “आई, उद्या मैदानावर हाच नेतो. किक मारायला बरा आहे.” सासूबाईंनी कवळी काढून हातात घेतली. मी रडायच्या बेतात आले.

तेव्हा पलंगावरून आई म्हणाल्या, “चरबी काढलीस ते बरं केलंस. पण तिच्या जागी काय घातलंस?”

मी गप्प. खरंच होतं ते. खिम्यातला ओलावा आणि मऊपणा सांभाळण्याचं काम चरबी करते. ती काढली की ते काम करायला दुसरं कोणीतरी नेमायला हवं. “आम्ही खिम्यात कांदा किसून घालायचो,” आई म्हणाल्या, “आणि दही. आणि मळायचा कशाला गं इतका? खिमा आहे, पुरणपोळीची कणीक नव्हे.” दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडलेली ही बाई त्या दिवशी उशीला टेकून उठून बसली आणि मला स्वयंपाक शिकवू लागली!

तीन-चार रविवारांच्या खटपटीनंतर आता आमचं माप ठरलं आहे. चार बर्गरसाठी कातडी काढलेल्या छातीच्या मांसाचा ४०० ग्रॅम खिमा. तो दुकानदाराकडून डोळ्यांदेखत करून घ्यावा, नाहीतर कातडी नि चरबी त्यातच जाते. त्यात एक मध्यम कांदा किसून, दोन मोठे चमचे पाणी निथळलेल्या दह्याचा चक्का, तीन मोठे चमचे ओट्‌सची भरड, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, मिरपूड आणि कोथिंबीर. कांद्या-दह्याचं पाणी ओट्‌स धरून ठेवतात आणि भाजताना खिमा ओलसर राहतो. हे सारं हलक्या हाताने एकत्र करून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावं. मीठ अगदी शेवटी, थापायच्या वेळी घालावं. आधी मीठ घालून मळलं की खिमा चिवट होतो. माझ्या फुटबॉलचं रहस्य तेच होतं. चीजमध्ये मीठ असतंच, तेव्हा हात आखडता ठेवावा.

टिक्की पावापेक्षा बोटभर मोठी थापावी, कारण ती भाजताना आकसते. मधोमध अंगठ्याने खळगा करावा, म्हणजे ती पुरीसारखी फुगत नाही. तव्यावर चार टिक्क्यांना मिळून दोन चहाचे चमचे तेल पुरतं. मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटं. उलटण्याने दाबायचं नाही, दाबलं की सगळा रस तव्यावर. कोंबडी कच्ची राहून चालत नाही, म्हणून एक टिक्की मधोमध मोडून पाहावी: आत गुलाबी रंग नको आणि रस स्वच्छ हवा.

आता चीज. ते काढून टाकावं असं मला आधी वाटलं होतं, पण मग तो चीजबर्गर कसला? उपाय साधा आहे. चकती न ठेवता चीज किसून घालावं. टिक्कीमागे १५ ग्रॅम किससुद्धा भरपूर दिसतो आणि प्रत्येक घासात येतो. शेवटच्या मिनिटाला किस टिक्कीवर पसरावा, तव्याच्या कडेला चमचाभर पाणी सोडावं आणि झाकण ठेवावं. वाफेवर ते सुरेख वितळतं.

मेयोनेजची जागा चक्क्यालाच दिली आहे. अर्धी वाटी चक्क्यात फेसलेली मोहरी, ठेचलेली एक लसूणपाकळी, मिरपूड आणि बारीक चिरलेली काकडी. मोहरीचा झणका नाकात गेला की मेयोनेजची आठवणही होत नाही. पाव गव्हाचा घ्यावा, पण नुसता तपकिरी रंग पाहून फसू नये. वेष्टनावर पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं आहे ना, ते वाचावं. लोणी न लावता पाव तव्यावर कोरडाच शेकावा. टोमॅटो, कांद्याची चकती, बारीक चिरलेला कोबी आपापल्या आवडीने. आईंच्या पावात कच्चा कांदा नि कोबी नसतो.

अशा एका बर्गरमध्ये साधारण ३० ग्रॅम प्रथिनं येतात आणि उष्मांक साडेतीनशे ते चारशेच्या घरात राहतात. शेजारच्या वहिनी शाकाहारी; त्यांनी भिजवून घट्ट पिळलेला सोयाबीनचा चुरा, कुस्करलेलं पनीर आणि बांधायला भाजलेलं बेसन घेऊन टिक्की केली. तीही झकास झाली. मूत्रपिंडाचं दुखणं असलेल्यांनी मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

आईंनी सुरुवातीला पाव बर्गर खाल्ला, मग अर्धा. आता रविवारी पूर्ण खातात. नुसत्या बर्गरने चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. आठवड्याचे बाकीचे सहा दिवसही आता अंडं, घट्ट वरण, दही, मासे यांची आठवण ठेवते, आणि व्यायाम करून घेणाऱ्या ताई सोमवार ते शनिवार न चुकता येतात. पण गाडी रुळावर आली ती या रविवारपासून. तीन महिन्यांत वजन ४८ झालं. बांगड्या मनगटाच्या जवळपास थांबल्या आहेत.

खिचडीवर माझा राग नाही. ती आमच्याकडे अजूनही होते, फक्त आता तिच्यात डाळ जास्त आणि भात कमी असतो. ‘हलकं’ म्हणताना मी काय काढलं याच्याबरोबर त्या जागी काय घातलं, हे स्वतःला विचारते. आईंनी विचारलं होतं तसंच.

परवाच्या रविवारी मी टिक्क्या तव्यावर टाकल्या आणि मागून काठीचा टकटक आवाज आला. पलंगापासून ओट्यापर्यंत बावीस पावलं आहेत. चिरंजीवांनी मोजली आहेत. आई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनी तव्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या उलटण्याकडे.

“दाबू नकोस,” त्या म्हणाल्या.