बदलता रिफ्रेश रेट आणि अडखळणारे चित्र

संगणकाच्या पडद्यावरील हालचाल सलग भासत असली तरी ती एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांची, म्हणजे फ्रेमची, मालिका असते आणि या मालिकेमागे दोन स्वतंत्र यंत्रणा काम करीत असतात. ग्राफिक्स कार्ड प्रत्येक फ्रेम तयार करते आणि मॉनिटर ती पडद्यावर उमटवतो. मॉनिटर एका सेकंदात किती वेळा चित्र नव्याने उमटवतो त्याला रिफ्रेश रेट म्हणतात व तो हर्ट्झमध्ये मोजतात. ग्राफिक्स कार्ड एका सेकंदात किती फ्रेम तयार करते त्याला फ्रेम रेट म्हणतात. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर दर १६.६७ मिलिसेकंदांनी, तर १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर दर ६.९४ मिलिसेकंदांनी चित्र बदलते. जुन्या पद्धतीच्या मॉनिटरचा हा ताल ठरलेला असतो, ग्राफिक्स कार्डाचा मात्र कधीच ठरलेला नसतो. कारण गेममधील मोकळ्या मैदानाचे दृश्य रंगवायला जितका वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ माणसांनी, सावल्यांनी आणि धुराने भरलेले दृश्य रंगवायला लागू शकतो.

या विसंगतीतून दोन दोष निर्माण होतात. मॉनिटर पडद्यावर वरून खाली एकेक ओळ उमटवत असताना मध्येच नवी फ्रेम येऊन पोहोचली, तर वरचा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्या फ्रेमचा राहतो व चित्र आडवे फाटल्यासारखे दिसते. याला टेअरिंग म्हणतात. ते टाळण्यासाठी व्ही-सिंक ही सोय वापरली जाते. तिच्यात तयार झालेली फ्रेम मॉनिटरच्या पुढच्या फेरीपर्यंत रोखून धरली जाते, त्यामुळे चित्र फाटत नाही. परंतु ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एखादी फ्रेम १७ मिलिसेकंदांत तयार झाली, तर केवळ अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी उशिरामुळे तिची फेरी चुकते आणि आधीची फ्रेम ३३.३ मिलिसेकंद पडद्यावर तशीच राहते. डोळ्यांना हा विलंब हिसक्यासारखा जाणवतो आणि संगणकाच्या व्यवहारात त्यालाच स्टटर म्हणतात.

व्हेरिएबल रिफ्रेश रेट, म्हणजे व्हीआरआर, या तंत्राने हा क्रम उलटा केला. ग्राफिक्स कार्डाने मॉनिटरची वाट पाहण्याऐवजी मॉनिटरच ग्राफिक्स कार्डाची वाट पाहू लागला. पडद्याची एक फेरी संपून दुसरी सुरू होण्यापूर्वी जो छोटा विराम असतो, तो पुढची फ्रेम तयार होईपर्यंत लांबवला जातो आणि फ्रेम आली की लगेच नवी फेरी सुरू होते. एनव्हिडिया कंपनीने ऑक्टोबर २०१३ मध्ये जी-सिंक या नावाने हे तंत्र जाहीर केले तेव्हा त्यासाठी मॉनिटरमध्ये एक वेगळा इलेक्ट्रॉनिक भाग बसवावा लागत असे. एएमडी कंपनीने जानेवारी २०१४ मध्ये फ्रीसिंक या आपल्या तशाच तंत्राचे प्रात्यक्षिक दाखवले. त्याच वर्षी मे महिन्यात व्हेसा या मानके ठरवणाऱ्या संस्थेने डिस्प्लेपोर्ट १.२ए या मानकात बदलत्या रिफ्रेश रेटसाठीच्या अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंकचा समावेश केला आणि २०१५ मध्ये फ्रीसिंकचे मॉनिटर बाजारात आले. एचडीएमआय २.१ या मानकातही व्हीआरआर आले, आणि जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियाने आपली कार्डे अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंकच्या मॉनिटरांवर चालतील असा ड्रायव्हर दिल्यानंतर हे तंत्र दोन्ही कंपन्यांच्या ग्राहकांना स्वस्त मॉनिटरांवरही उपलब्ध झाले.

तरीही व्हीआरआर सुरू करूनही चित्र अडखळते अशी तक्रार वारंवार केली जाते, आणि तिचे मूळ बहुधा या तंत्राकडून असलेल्या अपेक्षेत सापडते. व्हीआरआरने फेरी चुकल्यामुळे होणारा विलंब नाहीसा केला; फ्रेम तयार होण्यातील अनियमितता नाहीशी केली नाही. समजा, नऊ फ्रेम प्रत्येकी ६ मिलिसेकंदांत आणि दहावी ४६ मिलिसेकंदांत तयार झाली, तर एकूण १०० मिलिसेकंदांत दहा फ्रेम झाल्या आणि सरासरी फ्रेम रेट सेकंदाला १०० असा भरघोस दिसला. हाच क्रम चालू राहिला तर प्रत्यक्षात मात्र पडदा सेकंदातून दहा वेळा अडखळतो. अशा वेळी व्हीआरआर त्या अनियमिततेचे जसेच्या तसे दर्शन घडवते. म्हणून निदानाचा पहिला प्रश्न असा असतो की दोष फ्रेम तयार होण्यात आहे की ती पडद्यावर पोहोचण्यात.

या प्रश्नाचे उत्तर सरासरी फ्रेम रेटवरून मिळत नाही. त्यासाठी प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा आलेख पाहावा लागतो. इंटेलचे प्रेझेंटमॉन किंवा रिव्हाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर ही मोफत साधने असा आलेख काढून देतात, आणि अनेक मॉनिटरांच्या स्वतःच्या मेनूमध्ये त्या क्षणीचा रिफ्रेश रेटही दाखवता येतो. तो आकडा खेळ चालू असताना सतत बदलत असेल तर व्हीआरआर खरोखर काम करीत आहे असे समजावे. तो एकाच ठिकाणी खिळलेला असेल तर मॉनिटरच्या मेनूत किंवा ड्रायव्हरमध्ये ही सोय बंद राहिल्याची शक्यता असते. यानंतर व्हीआरआर बंद करून, व्ही-सिंक चालू ठेवून आणि फ्रेम रेट मॉनिटरच्या ठरलेल्या दराइतका सहज गाठता येईल अशा बेताने दृश्याचा दर्जा उतरवून गेममधील अडखळणारी तीच जागा पुन्हा पाहावी. हिसके तरीही राहिले आणि आलेखात त्याच क्षणी उंच टोके दिसली, तर दोष फ्रेम तयार होण्यात आहे. आलेख सपाट असूनही केवळ व्हीआरआर चालू असतानाच हिसके जाणवले, तर शोध मॉनिटर, ड्रायव्हर आणि त्यांच्या सेटिंगकडे वळवावा लागतो. या शोधात दोन सेटिंग एकाच वेळी बदलल्यास कोणत्या बदलाने फरक पडला हे कळत नाही, म्हणून एका वेळी एकच बदल करणे आवश्यक ठरते.

व्हीआरआरच्या बाजूने उद्भवणाऱ्या दोषांपैकी पुष्कळसे त्याच्या मर्यादेच्या टोकांवर आढळतात. प्रत्येक मॉनिटरची व्हीआरआरची एक कक्षा ठरलेली असते, उदाहरणार्थ ४८ ते १४४ हर्ट्झ. फ्रेम रेट ४८ च्या खाली गेला की पडदा इतका वेळ थांबवून ठेवणे मॉनिटरला जमत नाही. तेव्हा एलएफसी, म्हणजे लो फ्रेमरेट कॉम्पेन्सेशन, या युक्तीने तीच फ्रेम दोनदा किंवा अधिक वेळा दाखवली जाते आणि सेकंदाला ४० फ्रेम असतील तर मॉनिटर ८० हर्ट्झवर चालतो. ही युक्ती साधण्यासाठी कक्षेचे वरचे टोक खालच्या टोकाच्या किमान दुप्पट असावे लागते. ४८ ते ७५ हर्ट्झ एवढीच कक्षा असलेल्या मॉनिटरवर ती शक्य नसते आणि खालची मर्यादा ओलांडताच टेअरिंग किंवा व्ही-सिंकचे जुने हिसके परत येतात. एलएफसी असलेल्या मॉनिटरवरही फ्रेम रेट ४८ च्या आसपास घुटमळत राहिला, तर रिफ्रेश रेट क्षणात ४८ आणि क्षणात ९४ असा उड्या मारतो, आणि काही मॉनिटरांवर या उड्या लुकलुकण्याच्या किंवा हिसक्याच्या रूपाने दिसतात. सावल्यांचा किंवा रिझोल्यूशनचा दर्जा एक पायरी उतरवून फ्रेम रेट त्या सीमेपासून दूर ठेवणे हा यावरचा सर्वांत साधा उपाय होय. कस्टम रिझोल्यूशन युटिलिटीसारख्या साधनाने कक्षा वाढवता येते. परंतु उत्पादकाने न तपासलेल्या कक्षेत पडदा काळा पडण्याचा धोका असतो, हे ध्यानात ठेवूनच तो मार्ग पत्करावा.

वरच्या टोकावरील दोष अधिक फसवा असतो, कारण तो संगणक पुरेसा वेगवान असल्यामुळेच उद्भवतो. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरसाठी कार्ड सेकंदाला १५० किंवा १६० फ्रेम तयार करू लागले की मॉनिटरला जुळवून घ्यायला जागाच उरत नाही. व्ही-सिंक बंद असेल तर चित्र फाटते आणि चालू असेल तर फ्रेम पुन्हा रोखल्या जाऊ लागतात. फ्रेम रेटला मॉनिटरच्या कमाल दरापेक्षा तीन-चार फ्रेम कमी अशी मर्यादा घालणे, म्हणजे १४४ हर्ट्झवर साधारण १४१ ठेवणे, हा यावरचा रूढ उपाय आहे. एनव्हिडियाच्या कार्डांवर त्यासोबत ड्रायव्हरच्या नियंत्रण पटलातील व्ही-सिंक चालू आणि गेममधील व्ही-सिंक बंद ठेवण्याचा सल्ला दिला जातो. व्हीआरआर असताना व्ही-सिंक कशाला, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. परंतु सरासरी १४१ असली तरी एखादी फ्रेम पडद्याची फेरी पूर्ण होण्याआधीच येऊ शकते, आणि तेवढ्याच फ्रेमला क्षणभर थोपवण्याचे काम व्ही-सिंक करते. गेममध्ये एनव्हिडियाची रिफ्लेक्स ही सोय चालू असेल आणि तिला जी-सिंक व व्ही-सिंकची जोड दिलेली असेल, तर ही मर्यादा आपोआप घातली जाते. गेमची, ड्रायव्हरची आणि बाहेरच्या साधनाची अशा तीन मर्यादा एकाच वेळी लावल्यास त्यांचे वेळापत्रक परस्परांशी झगडू शकते, म्हणून त्यांपैकी एकच निवडावी.

तिसऱ्या प्रकारचा दोष गेमच्या बाहेर, नेहमीच्या कामकाजात दिसतो. जी-सिंकच्या सेटिंगमध्ये ते केवळ पूर्ण पडद्यावर चालवावे की खिडकीत चालणाऱ्या प्रोग्रामलाही लागू करावे, असे दोन पर्याय असतात. दुसरा पर्याय निवडला आणि खिडकीतील एखादा प्रोग्राम सेकंदाला ५० फ्रेम काढू लागला, तर मॉनिटर त्या प्रोग्रामच्या तालाने चालू लागतो आणि त्याच पडद्यावरील माउसचा बाणही अडखळत सरकतो. वापरणाऱ्याला संगणकच मंद झाला असे वाटते, प्रत्यक्षात केवळ पडद्याचा दर खाली आलेला असतो. व्हीआरआर पूर्ण पडद्यापुरते मर्यादित करणे किंवा त्या एका प्रोग्रामसाठी ठरावीक रिफ्रेश रेट नेमून देणे, यांपैकी एका उपायाने हा त्रास थांबतो. विंडोज ११ मधील डायनॅमिक रिफ्रेश रेट ही सोय मात्र निराळी आहे. लॅपटॉपची बॅटरी वाचावी यासाठी ती ६० आणि १२० हर्ट्झसारख्या दोन दरांमध्ये ये-जा करते, आणि तिची गेममधील व्हीआरआरशी गल्लत करू नये. वेगळ्या रिफ्रेश रेटचा दुसरा मॉनिटर जोडलेला असणे, त्यावर व्हिडिओ चालू असणे किंवा गेमवर माहिती दाखवणारी एखादी ओव्हरले खिडकी असणे, हीही अडखळण्याची कारणे असू शकतात; ती तपासण्यासाठी त्या गोष्टी तात्पुरत्या बंद करून पाहणे पुरेसे असते.

काही तक्रारी अडखळण्याच्या नावाने येतात पण वेगळ्याच असतात. ओएलईडी आणि व्हीए या प्रकारच्या पटलांवर रिफ्रेश रेट बदलला की गडद छटांची उजळता किंचित बदलते, त्यामुळे फ्रेम रेट वरखाली होताना, विशेषतः गेम लोड होत असताना, पडदा लुकलुकतो. यावर फ्रेम रेट स्थिर ठेवण्यापलीकडे फारसा इलाज नाही. काही मॉनिटरांत हे लुकलुकणे कमी करणारे सेटिंग असते, परंतु ते बदलत्या दरालाच लगाम घालत असल्यामुळे लुकलुकणे थांबून हिसके सुरू होण्याचा संभव असतो. पडदा मधूनच क्षणभर पूर्ण काळा होत असेल, तर व्हीआरआरपेक्षा केबलवर संशय घ्यावा, कारण जुनी किंवा हलक्या दर्जाची केबल वरच्या रिफ्रेश रेटला लागणारी माहिती अखंड वाहून नेऊ शकत नाही.

राहिले ते हिसके, ज्यांचा मॉनिटरशी संबंध नसतो. शेडर, म्हणजे प्रकाश व पृष्ठभाग रंगवण्याच्या छोट्या आज्ञावली, ग्राफिक्स कार्डाच्या भाषेत बदलण्याचे काम पुष्कळ गेम ऐनवेळी करतात; नवा स्फोट किंवा नवे शस्त्र प्रथमच दिसते तेव्हा एक फ्रेम कित्येक पट लांबते आणि तोच प्रसंग दुसऱ्यांदा सुरळीत जातो. नव्या प्रदेशात शिरताना डिस्कवरून माहिती वाचली जाते तेव्हाही असेच घडते. याहून सूक्ष्म दोष म्हणजे हालचालीच्या गणितातील चूक: पात्र किती पुढे सरकवायचे हे अनेक गेम आधीच्या फ्रेमला लागलेल्या वेळेवरून ठरवतात, पण नवी फ्रेम त्याच अंतराने पडद्यावर येईल याची हमी नसते, आणि हे अंतर चुकले की फ्रेम वेळेवर येऊनही हालचाल खडबडीत दिसते. व्हिडिओचीही एक अडचण आहे: चित्रपटाच्या सेकंदाला २४ फ्रेम, किंवा भारतीय दूरचित्रवाणीने स्वीकारलेल्या पाल पद्धतीच्या २५ फ्रेम, ६० हर्ट्झमध्ये समान भागल्या जात नाहीत, त्यामुळे काही फ्रेम दोन फेऱ्या आणि काही तीन फेऱ्या दिसतात. प्लेअरने साथ दिली तर व्हीआरआर हा दोष दूर करू शकते. मात्र अनेक व्हिडिओ प्लेअर आणि ब्राउझर त्याचा वापर करीत नाहीत.

या सर्व प्रकारांना जोडणारे सूत्र एकच आहे: पडद्यावरील सहजता सर्वांत मोठ्या आकड्यावर नव्हे, तर दोन फ्रेममधील अंतर किती सारखे राहते यावर अवलंबून असते. ७० ते ११० यांच्या दरम्यान सतत वरखाली होणाऱ्या फ्रेम रेटपेक्षा ७० वर घट्ट बांधलेला फ्रेम रेट अधिक गुळगुळीत दिसू शकतो. त्यामुळे नवे ग्राफिक्स कार्ड किंवा नवा मॉनिटर घेण्याआधी फ्रेमच्या वेळेचा आलेख पाहणे आणि एक योग्य मर्यादा घालून पाहणे हे बिनखर्चाचे दोन प्रयोग करावेत. आलेख मर्यादेखालीही सपाट होत नसेल, तरच प्रोसेसर, मेमरी किंवा खुद्द गेमच्या रचनेकडे बोट दाखवण्यास आधार मिळतो.