विश्लेषण : न बांधलेले घर मनाला कसे वाटेल? ‘व्हीआर’ने ते मोजता येते का?

सिडकोने २०१८ मध्ये तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरी येथील १४,८३८ घरांची योजना आणली. त्यातील आर्थिक दुर्बल गटाचे घर २५.८१ चौरस मीटरचे, म्हणजे जेमतेम २७८ चौरस फुटांचे. हा आकडा माहितीपत्रकात वाचणे वेगळे आणि चौघांनी त्यात उठणे-बसणे वेगळे. मात्र घर बांधण्याआधीच त्यात ‘कसे वाटेल’ हे तपासण्याचे एक साधन आता आहे, ते म्हणजे आभासी वास्तव अर्थात व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी (व्हीआर).

मोजमाप कसे होते?

हेडसेट चढवलेली व्यक्ती संगणकाने उभ्या केलेल्या खोलीत फिरते. मग त्याच खोलीची खिडकी मोठी केली जाते किंवा छत फूटभर खाली आणले जाते. दर वेळी ‘किती बरे वाटले, किती अस्वस्थ’ असे विचारतात. पण मनातले नेमके सांगता येतेच असे नाही. म्हणून हृदयाचे ठोके, तळव्यावरचा सूक्ष्म घाम, कधी मेंदूतील विद्युतलहरीही नोंदवल्या जातात.

डेन्मार्कमधील संशोधकांचा २०१४ चा प्रयोग याबाबत बोलका आहे. सहभागींना आभासी खोलीत परीक्षकांसमोर भाषण आणि तोंडी गणित करायला लावले. काहींची खोली बंदिस्त होती, तर काहींच्या खोलीला मोकळे झरोके होते. बंदिस्त खोलीतल्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल या तणाव-संप्रेरकाचे प्रमाण अधिक वाढले आणि जास्त वेळ चढे राहिले. भिंती खऱ्या नव्हत्या, शरीराची प्रतिक्रिया मात्र खरी होती!

मर्यादा कोणत्या?

हेडसेटमध्ये अंतरे प्रत्यक्षापेक्षा कमी भासतात, काहींना मळमळते. शिवाय दहा मिनिटांची फेरी म्हणजे वीस वर्षांचा संसार नव्हे. तळोज्यातील रहिवासी औद्योगिक पट्ट्यातून येणाऱ्या उग्र वासाच्या तक्रारी करत आले आहेत. तो वास चष्म्यात येत नाही.

ग्राहकाने काय पाहावे?

हेच तंत्र विक्री कार्यालयात आले की हेतू बदलतो. तिथे भावना मोजायच्या नसतात, जागवायच्या असतात. आभासी घरातला पलंग सहा फुटांचा आहे की पाच, हे विचारायला हरकत नाही. चटईक्षेत्राचा आकडा करारनाम्यातलाच धरावा. जाहिरात किंवा नमुना घरातील खोट्या माहितीवर विसंबून आगाऊ रक्कम भरली आणि नुकसान झाले, तर ‘रेरा’ कायदा, २०१६ च्या कलम १२ नुसार विकासकाकडून भरपाई मागता येते. व्यवहारातून बाहेर पडायचे असल्यास भरलेली रक्कम व्याजासह परत मिळण्याची तरतूदही त्याच कलमात आहे.