सामाईक तळावरची मोटरसायकल

जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजाला रात्री अडसर पडला, की आतल्या सर्वांची चीजवस्तू सुरक्षित झाली असे समजले जाई. वाड्यात पाऊल टाकणारा मनुष्य कोणाकडे आला आहे, हे ओटीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव या शहरांतील अशा कित्येक वाड्यांच्या जागी आता सदनिकांच्या इमारती उभ्या आहेत. इमारतीच्या पायथ्याशी, खांबांच्या मधल्या जागेत, वीस-पंचवीस मोटरसायकली ओळीने लावलेल्या असतात. फाटक दिवसभर उघडे असते आणि येणारा-जाणारा कोणाचा कोण, हे कोणी विचारीत नाही. जागा सर्वांची, म्हणून राखण कोणाचीच नाही. चोराला याहून अधिक काय हवे?

ही चोरी लहानसहान नव्हे. फिरतीचा विक्रेता, रात्रपाळीची परिचारिका, घरोघर माल पोचविणारा तरुण यांची रोजची भाकर त्या दोन चाकांवर असते. गाडी कर्जाने घेतलेली असेल तर ती गेली तरी हप्ते थांबत नाहीत. तेव्हा बैल गेला नि झोपा केला, असे होण्यापूर्वीच या विषयाचा विचार केलेला बरा.

प्रथम कुलपाविषयीचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. लंडनमध्ये ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप कित्येक दशके आव्हान म्हणून ठेवलेले होते; ते उघडून दाखविणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस होते. १८५१ सालच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने सोळा दिवसांत मिळून एकूण ५१ तास खपून ते उघडले. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. न उघडणारे कुलूप जगात नाही, ही पहिली. दुसरी अशी, की चोराला ५१ तास मिळत नाहीत. इमारतीच्या तळावर त्याला पाच मिनिटेही जड वाटतात. कुलपाचे काम चोराला कायमचे अडविणे हे नसून त्याचा वेळ खाणे आणि त्याला आवाज करावयास लावणे, हे आहे.

मोटरसायकल तीन मार्गांनी जाते: चालवून, ढकलून किंवा उचलून. पहिल्या मार्गात चोर हँडलला झटका देऊन आतले कुलूप मोडतो आणि जुन्या धर्तीच्या गाडीच्या तारा जोडून ती सुरू करतो. हँडल लांब असल्यामुळे त्याचा तरफेसारखा उपयोग होतो आणि आतली लहानशी खुंटी तो जोर सोसू शकत नाही. म्हणून केवळ हँडलच्या कुलपावर विसंबू नये. मात्र ते लावण्याचा आळसही करू नये. पुढच्या चाकाच्या तबकडीला बसणारे डिस्क लॉक गाडी चालविणे किंवा ढकलणे अशक्य करते, म्हणून पहिल्या दोन मार्गांवर ते चांगला उपाय आहे. परंतु दोघा-तिघांनी गाडी उचलून टेम्पोत घातली, तर त्या कुलपाचा काही उपयोग होत नाही. तिसऱ्या मार्गावर उपाय एकच: गाडी अचल वस्तूला जखडणे.

त्यासाठी साखळी हवी, आणि तीही पाणी दिलेल्या पोलादाची. बाजारातील बारीक साखळी किंवा प्लॅस्टिकचे वेष्टण असलेली तारेची दोरी मोठ्या कात्रीने क्षणार्धात तुटते. सुमारे १६ मिलिमीटर जाडीची कठीण पोलादी कडी हाताच्या कात्रीला सहसा दाद देत नाही. विजेच्या ग्राइंडरने तीही कापता येते. पण मग ठिणग्या उडतात आणि त्याचा कर्कश आवाज तीन मजले ऐकू जातो. साखळी मागच्या चाकातून आणि गाडीच्या सांगाड्यातून ओवावी. ती केवळ पुढच्या चाकात अडकविली, तर चोर चाक सोडवून तेवढेच मागे ठेवील. साखळी जमिनीवर लोळत ठेवू नये. फरशीचा ऐरणीसारखा उपयोग करून कुलपावर घण घालता येतो, आणि कात्रीचा एक दांडा जमिनीवर टेकून दुसऱ्यावर सारे अंग टाकता येते. साखळी अधांतरी आणि ताणलेली असली, की हे दोन्ही डाव फसतात.

जखडावयाचे कशाला? इमारतीचा खांब जवळ असेल तर लांब साखळीने त्याला वेढा घालता येतो. नसेल तर जमिनीत काँक्रीटमध्ये पक्का रोवलेला लोखंडी कडा बसवावा लागतो. परंतु जमीन सामाईक आहे, हे विसरून चालणार नाही. खाली तळघर किंवा पाण्याची टाकी असेल, तर छिद्र पाडल्याने गळती सुरू होईल. इमारतीच्या खांबाला तर भोक पाडूच नये. आतल्या सळयांना इजा पोचण्याचा संभव असतो. म्हणून सोसायटीच्या सभेत ठराव करून, जाणकाराच्या सल्ल्याने, ओळीने सर्वांसाठीच कडे बसवून घेणे श्रेयस्कर. खर्च वाटला जातो आणि भांडणही उरत नाही.

गाडीचा ठावठिकाणा सांगणारी यंत्रेही आता मिळतात. ती उपयुक्त आहेत. परंतु तळघरात उपग्रहाचा आणि मोबाइलचा संदेश अनेकदा पोचत नाही. तेव्हा यंत्र हे साखळीचे सोबती होय, तिची जागा घेणारे नव्हे. साधे कापडी आच्छादनही कामाचे आहे. त्याखाली कोणती गाडी आहे आणि तिला कसले कुलूप आहे, हे पाहण्यासाठी चोराला ते उचलावे लागते, आणि तेवढ्यात तो नजरेत भरतो.

पण नजर तरी असावयास हवी! भरदुपारी दोन माणसे बंद गाडी टेम्पोत चढवीत असतात आणि जिन्यावरून उतरणारा शेजारी मनाशी म्हणतो, “दुरुस्तीला नेत असतील.” चोराचे खरे भांडवल पहार किंवा कात्री नव्हे, हा समज आहे. यावर एक बिनखर्चाचा नियम करता येतो: चालू स्थितीत नसलेली, ढकललेली अथवा उचललेली गाडी फाटकाबाहेर जाण्यापूर्वी रखवालदाराने मालकाला दूरध्वनी केलाच पाहिजे. विचारणाऱ्याला भोचक समजू नये आणि ज्याला विचारले त्याने रागावू नये. कॅमेरे असतील, तर त्यांतील चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. म्हणून ते किती दिवस राहते आणि कोण काढून देऊ शकते, हे आधीच ठरवून ठेवावे.

शेवटी कागदपत्रांविषयी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीपुरता असतो; चोरीची भरपाई त्यातून मिळत नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला असा सक्तीचा विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो. बरोबरचा स्वतःच्या गाडीचा विमा मात्र बहुधा एकच वर्षाचा असतो. पाच वर्षांचा कागद हाती असल्याने मालक निश्चिंत राहतो, आणि दुसऱ्या वर्षी चोरी झाली म्हणजे त्याचे डोळे उघडतात. तो कागद आजच काढून पाहावा. विमा कंपन्या दोन्ही किल्ल्या मागतात, म्हणून दुसरी किल्लीही जपावी. इंजिनाचा आणि चॅसिसचा क्रमांक घरी लिहून ठेवावा.

चोरी झालीच, तर त्याच घटकेला पोलिसांत जावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. मात्र तीन दिवसांच्या आत त्यावर सही करावी लागते. खबरीची प्रत विनामूल्य मिळते. विमा कंपनीलाही लगोलग कळवावे.

ओटीवर बसणारे वडीलधारे आता नाहीत. त्यांचे काम थोडे साखळीने, थोडे दिव्याने आणि पुष्कळसे शेजाऱ्याने करावयाचे आहे. सोसायटीच्या पुढल्या सभेत हा विषय कोणी तरी मांडावा. ज्याची गाडी अजून जागेवर उभी आहे, त्याने मांडला तर अधिक बरे.