फोटोला रंग द्यायचा, तर आधी कागद पाहा

तुमच्या माळवदाच्या घरात आजोबांचा एखादा काळा-पांढरा फोटो नक्कीच टांगलेला असेल. कुंभार पिंपळगावच्या परिसरातल्या शाळांत, ग्रामपंचायतींतही असे जुने फोटो असतात. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. त्या लढ्यातल्या कितीतरी माणसांचा आज एकच फोटो उरला आहे. वर्षश्राद्ध किंवा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला, की कुणीतरी म्हणतं, "तेवढा रंगवून आणा."

रंगवा जरूर, पण मूळ फोटोला ब्रश लावू देऊ नका. फ्लॅश न मारता, सावलीतल्या उजेडात त्याची कॉपी काढा आणि रंग त्या कॉपीच्या प्रिंटवर द्या. मूळ फोटो एकदा बिघडला, की माणूस दुसऱ्यांदा फोटो काढायला येणार नाही.

कागद कोणता? जुन्या पद्धतीच्या काळ्या-पांढऱ्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. पाण्याने तो फुगतो आणि रंग पितो. त्यातही खरबरीत, म्हणजे मॅट कागद घ्यावा. चकचकीत कागदावर तेलरंग धरत नाही. असा कागद आता सहजी मिळत नाही. कोडॅकने तो बंद करत असल्याचे २००५ मध्येच जाहीर केले. स्टुडिओत आज मिळणाऱ्या प्रिंटच्या कागदाला प्लॅस्टिकचा थर असतो. त्यातही मॅटच मागा. साध्या प्रिंटरवर काढलेल्या फोटोला ओला हात लागला, की शाई पसरते. त्यावर कोरड्या रंगीत पेन्सिलीच बऱ्या.

रंग कोणते? पारदर्शक हवेत. त्यांतून चेहऱ्याच्या मूळ छटा दिसत राहतात. पोस्टर कलर जाड बसतो, सुरकुत्या झाकतो, आणि आजोबा परके दिसू लागतात. पाण्यातला फोटो-रंग पातळ करून, थोडा थोडा, दोन-तीन हातांत द्यावा. तो एकदा मुरला की सहसा निघत नाही. तेलरंग कापसाने चोळून लावतात. ओला असेपर्यंत तो टर्पेंटाइनने पुसता येतो, म्हणून नवख्याने यापासूनच सुरुवात करावी. वाळायला मात्र काही दिवस द्या. आधी एखाद्या टाकाऊ प्रिंटवर करून पाहा.

आता खरी गोष्ट. फेटा लाल होता की पांढरा, लुगडं हिरवं होतं की जांभळं, हे काळ्या-पांढऱ्या फोटोत दिसत नाही. रंगवणारा अंदाजाने ठोकतो, आणि पुढच्या पिढीला तेच खरं वाटतं. म्हणून आजीला, भावकीतल्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा. ती माणसं आज आहेत तोवरच हे कळेल.

फ्रेम करताना काच फोटोला चिकटू देऊ नका, मध्ये पुठ्ठ्याची कड ठेवा. पावसाळ्यात ओल धरून फोटो काचेला चिकटतो. ओली भिंत आणि थेट ऊनही टाळा.

ग्रामसेवक आणि मुख्याध्यापकांनी एवढं करावं : प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने नाव, गाव, अंदाजे साल लिहावं. रंग नाही दिला तरी चालेल. नाव हरवता कामा नये.