नवरदेवाची गोव्याची सहल आणि यकृताचा हिशेब

वर्षावास संपला, अश्विन पौर्णिमा झाली की वस्तीत लग्नांच्या तारखा निघू लागतात. मुहूर्त आपण मानत नाही, पण हॉलच्या तारखा मात्र मानाव्या लागतात. मंगल परिणयाची तारीख ठरली की पाठोपाठ आणखी एक तारीख ठरते, तिची पत्रिका छापली जात नाही. ती असते नवरदेवाच्या मित्रांची, गोव्याची. पूर्वी हळदीच्या रात्री मंडपामागे जे चालायचे ते आता शेकडो किलोमीटर दूर जाऊन चालते आणि त्याला बॅचलर पार्टी म्हणतात. खारदांड्यातून अशा तीन टोळ्या एका मोसमात गेल्याचे आम्ही पाहिले. चौथीबरोबर आम्ही स्वतःच गेलो.

आम्ही म्हणजे या पानाचे काम पाहणारे दोघे. मुले आठ, सगळी एकवीस ते अठ्ठावीसची. कुणी डिलिव्हरीचे काम करतो, कुणी खारच्या जिममध्ये, एक जण बँकेत चिकटलेला. "तुम्ही या, पण लेक्चर द्यायचं नाही," ही त्यांची अट आम्ही मान्य केली. दादरहून रात्रीची कोकणकन्या पकडली, सकाळी थिवीला उतरलो. बागा तिथून जवळ.

'बार क्रॉल' ही गोष्ट बऱ्याच घरांना माहीत नसेल, म्हणून सांगतो. संध्याकाळी एका ठिकाणी जमायचे, पैसे भरायचे (आमच्या मुलांनी माणशी दोन हजार भरले), मनगटाला कागदी पट्टा बांधून घ्यायचा. मग एक गाईड सगळ्यांना चालवत एका बारमधून दुसऱ्यात नेतो. प्रत्येक दारात पट्टा दाखवला की एक शॉट फुकट. आत पाऊण-एक तास, पुढे चला. रात्री साडेआठला सुरुवात, साडेबाराला पाचव्या ठिकाणी शेवट. आमच्या जथ्यात आठ आमचे, बाकी सुरत, हैदराबाद, दिल्लीकडचे. चांगल्या घरची, चांगल्या पगाराची मुले. दारू फक्त झोपडपट्टीत प्यायली जाते असे मानणाऱ्यांनी एकदा रात्री अकराला बागाच्या टिटोज लेनमध्ये उभे राहून बघावे.

गाईड सावंतवाडीकडचा पोरगा, चोवीसेक वर्षांचा. तो स्वतः एक थेंब घेत नव्हता. प्रत्येक दारात तो डोकी मोजायचा. पहिल्या दारात तेवीस, तिसऱ्यात एकोणीस. चार जण कुठे गेले, हे विचारायला कुणी थांबले नाही. पाचव्या दाराशी त्याने सगळ्यांशी हात मिळवले आणि आम्हाला मालवणीत म्हणाला, "माझी ड्युटी ह्या दारार संपली. पुढचा तुमचा तुमी बघा." त्यात त्याचा दोष नाही, त्याचा पगार तेवढ्याचाच. पण खरी रात्र तिथूनच पुढे सुरू होते, हे घरच्यांनी समजून घ्यायला हवे.

आता हिशेब. ३० मिलीचा एक लहान पेग, कडक दारूचा, म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ३३० मिलीची साधी बिअर म्हणजे त्याहून थोडे जास्त, १३ ग्रॅमच्या आसपास. "बिअर ही काय दारू आहे का" म्हणणाऱ्यांसाठी: ६५० मिलीची आठ टक्क्यांची स्ट्राँग बाटली म्हणजे सरळ चार पेग. आमच्या मुलांपैकी एकाने प्रत्येक ठिकाणी फुकटचा एक शॉट आणि वर एक लहान बिअर घेतली. त्याच्या मते ही "लिमिटमध्ये" होती. पाच ठिकाणचे मिळून ११५ ग्रॅम, म्हणजे साडेअकरा पेग झाले. यकृत तासाला साधारण एक पेग उरकते, बारीक अंगाच्या माणसाचे त्याहूनही कमी. चार तासांत फार तर चार पेग उरकले. उरलेले सात-साडेसात रक्तात फिरत होते, तेव्हा मध्यरात्री त्याने भाड्याच्या स्कूटरची किल्ली खिशातून काढली.

यकृताला घाई करता येत नाही. लिंबू, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, ओकारी काढणे, यातल्या कशानेही रक्तातली दारू लवकर उतरत नाही. कॉफीने माणूस जागा राहतो आणि आपण शुद्धीत आहोत असे त्याला वाटते, म्हणून ती उलट वाईट. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून दिलेल्या दारूचेही तेच. क्रॉलमध्ये तर माणूस एका ठिकाणची नशा चढायच्या आधीच दुसऱ्या ठिकाणी पोचलेला असतो. पोटातून रक्तात जायला अर्धा-एक तास लागतो आणि तेवढ्यात नवा ग्लास हातात येतो. आपले किती झाले हे कुणालाच ठाऊक नसते. आम्ही विचारले तेव्हा साडेअकरावाला म्हणाला, "पाच-सहा झाले असतील."

मोटार वाहन कायद्यात मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम. साठ किलोचा माणूस रिकाम्या पोटी दोन पेगांत ती ओलांडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला १० हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. डिलिव्हरीवर पोट असलेल्या मुलाचे लायसन्स गेले तर दंडापेक्षा ते महाग पडते. आणि हे फक्त रात्रीचे नाही. साडेअकरा पेग घेतलेला मुलगा सकाळी आठला नाश्त्याला स्कूटर काढतो, तेव्हाही त्याच्या रक्तातली पूर्ण उतरलेली नसू शकते. झोप झाली म्हणून दारू उतरली असे होत नाही.

त्या रात्री किल्ली त्याच्याकडून काढून घेतली ती त्याच्याच मित्राने. हा मुलगा आठांत एकटा पूर्ण कोरडा होता. त्याच्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. त्याच्या क्षयाच्या उपचाराचा पाचवा महिना चालू होता आणि हे त्याने मित्रांपैकी एकालाही सांगितले नव्हते. आम्हाला गाडीत, दारापाशी उभे राहून, हळूच सांगितले. क्षयाच्या गोळ्यांचा भार यकृतावर पडतोच. त्यात दारू पडली तर कावीळ होऊ शकते, गोळ्या थांबवाव्या लागतात, सहा महिन्यांचा उपचार लांबतो. त्याला हे दवाखान्यातल्या ताईंनी नीट समजावले होते. प्रश्न औषधाचा नव्हता, 'नाही' कसे म्हणायचे याचा होता. पहिल्या दारात सगळ्यांनी त्याच्या नावाने आरडाओरडा केला, शॉट हातात दिला. त्याने तो घेतला, हसला आणि कुंडीत ओतला. दुसऱ्या दारात म्हणाला, "आज स्कूटर मी चालवणार, मला देऊ नका." त्यानंतर कुणी आग्रह केला नाही. उलट सगळ्यांनी मोबाइल आणि पाकिटे त्याच्याकडे दिली.

हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. आजार सांगायचा नसेल तर सांगू नये, तो ज्याचा त्याचा खासगी मामला. पण 'गाडी मी चालवणार' म्हणणाऱ्याला कुणी भित्रा म्हणत नाही. क्षयाचेच नव्हे, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर दारूने अचानक खाली जाते, आणि तो गुंगीत पडला तर लोक समजतात चढली आहे. फिट येणाऱ्याला फिट येऊ शकते. जुलाबावर सर्रास दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोलच्या गोळीवर दारू घेतली तर मळमळ, उलट्या, छातीत धडधड होऊ शकते. आणि सकाळी डोके दुखते म्हणून पॅरासिटॅमॉलच्या गोळ्यांवर गोळ्या घेणे हाही यकृतावरच घाव.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला दारूचे सहा तोटे सांगितले आहेत. पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग होतात, नाव जाते, लाज सुटते, बुद्धी मंदावते. विहारात हे पुष्कळांनी ऐकले आहे. त्याच सुत्तात मित्रांचीही पारख आहे. पिण्यापुरता सोबत असणारा मित्र नव्हे. मित्र बेसावध असताना त्याला आणि त्याच्या चीजवस्तूला जपणारा तो मित्र. आठ पाकिटे खिशात घेऊन फिरणारा तो मुलगा पाहताना आम्हाला ते सुत्त आठवले. त्याला सांगितले असते तर लाजला असता, आणि लेक्चर द्यायचे नाही असे ठरलेही होते.

रात्री एकला दोघांना समुद्रात उतरायचे होते. "आम्ही दांड्याचे, आम्हाला काय समुद्र शिकवता?" हा त्यांचा मुद्दा. दांड्याचे कोळी बांधव भरती-ओहोटी बघून होडी काढतात, पिऊन नाही. दारूने थंडी कळत नाही, दम लवकर तुटतो, ओढ कुठे आहे ते समजत नाही. बागा-कळंगुटला दृष्टी मरीनचे जीवरक्षक दिवसा असतात; सूर्यास्तानंतर पाण्यात उतरू नका असे तेच सांगतात. गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर पिणे हाही २०१९ पासून दंडाचा गुन्हा आहे. गोव्याला जाणे न परवडणारी मुले मढ-आक्साला जातात, आणि आक्साच्या पाण्याने दर पावसाळ्यात काय केले ते उपनगरात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

गोव्यात वय १८ झाले की दारू मिळते. आपल्या राज्यात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ लागतात. त्यामुळे नवरदेवाचा धाकटा भाऊही तिथे 'कायदेशीर' होतो. फुकटच्या शॉटमध्ये नेमके काय आहे, हे मात्र कायदा बाटलीपाशी उभा राहून बघत नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे गेली, ती आपल्यासारख्याच वस्तीतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओस देशात वांग व्हिएंग या पर्यटकांच्या गावी सहा परदेशी पर्यटक मिथेनॉलने गेले. तेव्हा हे फक्त गरिबाच्या गुत्त्यातले विष राहिलेले नाही. मिथेनॉलची लक्षणे बारा ते चोवीस तासांनी दिसतात: पोटात कळा, जोराचा श्वास, डोळ्यांपुढे धुके. दुसऱ्या दिवशी 'हँगओव्हर'बरोबर नजर धूसर झाली तर झोपून राहू नये, तडक रुग्णालय गाठावे. उपचार आहे, पण तासांचा प्रश्न असतो.

६ डिसेंबर २०२५ च्या रात्री, आपण चैत्यभूमीवरून परतत होतो त्याच रात्री, बागाच्या शेजारच्या हडफडे गावात एका नाइट क्लबला आग लागून २५ जण गेले. त्यांतले बहुतेक तिथले कामगार होते, पोटासाठी दूरदूरहून आलेले. आपल्या वस्तीतली मुलेही हॉटेलच्या कामाला तिकडे जातात. म्हणून ग्राहक असो वा वेटर, आत शिरताना बाहेर पडायचे दुसरे दार कुठे आहे ते आधी बघून ठेवायचे. आमच्या पाच ठिकाणांपैकी दोन ठिकाणी आम्हाला ते सापडलेच नाही.

एखादा पिऊन आडवा झाला तर त्याला 'झोपू दे' म्हणून खोलीत एकटा सोडून जाऊ नका. पाठीवर झोपलेल्याच्या घशात उलटी अडकते आणि त्याचा आवाजही होत नाही. त्याला कुशीवर वळवा, वरचा पाय गुडघ्यात दुमडा, तोंड किंचित खाली ठेवा, आणि एकाने शेजारी बसा. हाक मारून, चिमटा काढून उठत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल, अंग गार किंवा ओठ निळे पडले असतील तर १०८ लावा. हा क्रमांक गोव्यातही चालतो. किती प्यायला ते डॉक्टरांना खरे सांगा, पोलिसांच्या भीतीने लपवू नका. आमच्या खोलीत त्या रात्री साडेअकरावाल्याशेजारी पहाटेपर्यंत आळीपाळीने तिघे बसले. त्यांतला एक स्वतः नवरदेव.

त्या नवरदेवाला दोन आठवड्यांनी पांढऱ्या कपड्यांत, वधूसोबत, सगळ्यांसमोर पंचशील ग्रहण करायचे होते. पाचवे शील कशाविषयी आहे ते त्याला पाठ होते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी सतरावी कशाची, तेही. परतीच्या गाडीत तो त्याच्या मित्रांशी बोलला आणि हळदीच्या रात्रीचा बेत बदलला: डीजे राहील, बाटली नाही. मित्रांपैकी दोघांना ते पटले नाही. आम्हाला एवढे दिसले की हा निर्णय त्याने स्वतः घेतला आणि आईने सांगितले म्हणून घेतला नाही.

रोज पिणाऱ्यांची गोष्ट वेगळी, ती घरातल्या ताई-माईंनी नीट वाचावी. लग्नाच्या निमित्ताने 'उद्यापासून बंद' म्हणून बऱ्याच वर्षांची रोजची दारू एकदम तोडली, तर दोन-तीन दिवसांत हात कापणे, भास होणे, फिट येणे असे होऊ शकते आणि त्यात जीवही जातो. अशा माणसाला खोलीत कोंडून ठेवू नका, भगताकडेही नेऊ नका. जुहूच्या कूपर रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत न्या. रात्री-अपरात्री झाले तर वांद्र्याचे भाभा रुग्णालय जवळ आहे. व्यसनमुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट आहेत आणि मराठीत बोलता येते. नाव सांगावे लागत नाही.