तोतया किल्ली

भाताचा घास बराच वेळ चावला म्हणजे गोड लागू लागतो. लाळेतील एक विकर, म्हणजेच एन्झाइम, भातातील पिष्टाची फोड करून त्याची साखर बनवीत असते. तेच विकर तुपाला मात्र स्पर्शही करीत नाही. विकर हा प्रथिनाचा एक प्रचंड रेणू होय. त्याच्या अंगावर एक लहानशी खाच असते आणि ठरावीक घडणीचे द्रव्यच तीत बसते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ साली यासाठी कुलूप-किल्लीची उपमा योजिली. पुढे १९५८ मध्ये डॅनियल कॉशलँड यांनी, द्रव्य आत येताच खाचही थोडी वळून त्याच्याशी जुळवून घेते, अशी दुरुस्ती सुचविली.

आता किल्लीसारखेच दिसणारे, पण कुलूप न उघडणारे काही त्या खाचेत शिरले तर? पेशवाईत सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता, तसाच हा रेणूंचा तोतया! शास्त्रात त्यास रोधक म्हणतात.

सल्फा औषधे ही अशीच. १९३५ मध्ये गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल हा तांबडा रंग जंतुरोगांवर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी दाखवून दिले की, शरीरात त्या रंगाचे विघटन होते आणि खरे काम त्यातील सल्फॅनिलामाइड करते. ते कसे, याचा उलगडा १९४० साली ब्रिटनमध्ये डोनाल्ड वुड्स यांनी केला. यीस्टच्या अर्काने सल्फाचा प्रभाव नाहीसा होतो, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यातून त्यांची दृष्टी पॅरा-अमिनोबेंझोइक आम्लाकडे वळली. त्याची घडण सल्फॅनिलामाइडशी विलक्षण जुळते! जंतू या आम्लापासून फोलिक आम्ल बनवितात. त्यावाचून त्यांची वाढ होत नाही. सल्फाचा रेणू नेमका ते घडविणाऱ्या विकराची खाच अडवून बसतो. आपल्या शरीरात ते विकरच नाही, कारण आपण फोलिक आम्ल पालेभाज्या, कडधान्ये अशा अन्नातून आयते घेतो. म्हणून या घावातून आपण सुटतो.

परंतु हा तोतया खाचेत कायमचा बसत नाही. तो आत-बाहेर करीत राहतो आणि खऱ्या किल्ल्यांची संख्या वाढली की मागे पडतो. पुवात व मृत ऊतकांत ते आम्ल असते. म्हणून जखम स्वच्छ केल्यावाचून सल्फा नीट चालत नाही. शिवाय हे औषध जंतूंना मारीत नाही, केवळ त्यांची वाढ थांबविते. उरलेले काम रक्तातील पांढऱ्या पेशी करतात. ताप उतरला म्हणून औषध मध्येच सोडले, तर रक्तातील त्याचे प्रमाण घटते, विकरे मोकळी होतात आणि उरलेले जंतू पुन्हा वाढू शकतात.

काही जंतूंनी तर कुलूपच बदलले. त्यांच्या विकराची खाच खरी किल्ली घेते, पण सल्फाला थारा देत नाही. याच कारणाने आज सल्फाच्या जोडीला बहुधा ट्रायमेथोप्रिम देतात. ते फोलिक आम्लाच्या वाटेवरील पुढचे, निराळेच विकर अडविते.